कासवाची सही

२ जून

मामा,

नमस्कार आधी, आपल्या फुटबॉल क्लबच्या नावाने शिव्या नंतर.

घर मिळालं. तळमजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे फरशी घातलेलं छोटं अंगण आणि कपडे वाळवायची तार. मागच्या खोलीला मोठी खिडकी आहे, सकाळभर ऊन येतं. लॅब चालत जाण्याइतकी जवळ. तिथे आम्ही पाच जण दिवसभर माना खाली घालून लोकांच्या कवळ्या करतो. मालक म्हणतात, आपल्याला या शहरात कुणी ओळखत नाही, पण निम्मं शहर आपल्याच जिवावर जेवतं. हे वाक्य ते नेमकं पगाराच्या दिवशी ऐकवतात, म्हणजे कुणी वाढवून मागू नये.

मुद्द्याचं लिहितो. मागची खोली तुमच्यासाठी ठेवली आहे. बबी जाऊन दोन वर्षं होतील. तुम्ही तिकडे चौथ्या मजल्यावर एकटे, मी इकडे एकटा. तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि तुमच्या गुडघ्यांनी कधीचाच संप पुकारलाय. तेव्हा इकडे या. तीन महिने राहून बघा. पटलं तर पुढचं बघू, नाही पटलं तर तुमचं घर आहेच. कसलीही सक्ती नाही.

आता आपला विषय. कासवाचा करार संपला. त्याच्या क्लबने नवा दिला नाही, म्हणजे तो मोकळा झालाय. त्याला आणायला त्या क्लबला एक पैसा द्यायचा नाही, फक्त त्याचा पगार द्यायचा. आपल्या मैदानावर लहानाचा मोठा झालेला खेळाडू, दहा वर्षं बाहेर काढून परत घरी येऊन बसलाय. धावताना दिसत नाही पण चेंडू पडेल तिथे आधीच उभा असतो, असा माणूस आपल्या मधल्या फळीत शेवटचा कोण होता? तो स्वतःच. आता तरी आपला सेक्रेटरी जागा होईल असं वाटतं का तुम्हाला?

दोन्ही गोष्टींचं उत्तर पाठवा.

तुमचा
जावई


९ जून

जावईबापू,

पत्र पोचलं. बरं केलंत लिहिलंत ते. फोनवर मला आता भुंगा कानात शिरल्यासारखं ऐकू येतं. तुम्ही ख्यालीखुशाली विचारता आणि मला वाटतं भांडताय. कागदावर निदान कोण कशावरून भांडतंय ते कळतं.

सेक्रेटरी जागा झालाय. पण अर्धाच. मैदानात आपल्या मागच्या बाकावर बसणारा न्हावी सांगत होता, आणि त्याचं खरं मानावं लागतं, कारण सेक्रेटरीची मान दर पंधरवड्याला त्याच्या वस्तऱ्याखाली असते. क्लबने कासवाला महिना सत्तर हजार देऊ केलेत. एका वर्षासाठी. तो म्हणतो, दोन वर्षांचा करार द्या. तिथे घोडं अडलंय.

आता तुम्ही म्हणाल, तेहतीस वर्षांचा आहे, गुडघ्याचं एक ऑपरेशन झालंय, एक वर्ष काय वाईट आहे? मी सांगतो काय वाईट आहे. मी सारा जन्म पाट्या रंगवण्यात घालवला. गिऱ्हाईक दुकानात आलं की माझा पहिला प्रश्न, किती दिवस टिकायला हवी? सेल लागलाय, पंधरा दिवसांचं काम, असं म्हणाला की पाण्यातला रंग, एकच हात, अक्षरं उभ्या उभ्या काढून मोकळा. कायमची हवी म्हणाला की लाकूड घासायचं, अस्तर द्यायचं, ते वाळू द्यायचं आणि मग ऑइल पेंटचे दोन हात. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. पण रंगवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं की कुठली पाटी उतरवायची आहे.

कासवाला सेक्रेटरी पाण्यातल्या रंगाने रंगवायला निघालाय. त्याला ते कळतं. तो काही दुधखुळा नाही.

तुमच्या बोलावण्याबद्दल आभारी आहे. विचार करतो. बबीच्या फोटोची काच पुसून घेतली, धूळ फार बसते.

मामा


१५ जून

मामा,

तुमची पाटी वाचून लॅबमध्ये हसलो. समोरचा म्हणाला, काय झालं? म्हटलं, सासऱ्यांनी क्लबला रंग फासलाय.

पण मला नाही पटलं. आता माझ्या धंद्याचं ऐका. कवळी कधीच एकदम पक्की करत नाहीत. आधी मेणावर दात बसवायचे आणि ती मेणाची कवळी पेशंटच्या तोंडात घालून बघायची. ओठ नीट मिटतात का, बोलताना दात वाजतात का, आरशात बघून बाईला स्वतःचं तोंड ओळखू येतं का. नाही पटलं तर मेण गरम करून दात हलवता येतात. एकदा पक्की झाली की मग तोडण्याशिवाय इलाज नाही. जो मेणात बघत नाही तो कारागीर माणसाच्या तोंडाचा विचारच करत नाही, असं मी मानतो.

क्लब तेच करतोय. एक वर्ष मेणात बघू म्हणतोय. त्यात दोन्ही बाजूंचं भलं आहे. उद्या गुडघ्याने दगा दिला तर क्लब दुसरं वर्ष कशाला गळ्यात बांधून घेईल? आणि कासवालाच इथे करमलं नाही तर तोही सुटा. मला तर यात मान दिल्यासारखं वाटतं. न्हावी आणि तुम्ही उगाच त्या माणसाच्या बाजूने रुसून बसला आहात.

तुम्हीसुद्धा हाच हिशोब करा. तीन महिने या, बघा, मग ठरवा. मी काही मनाला लावून घेणार नाही.

अंगणात एक खुर्ची आणून ठेवली आहे.

जावई


२८ जून

जावईबापू,

उत्तराला उशीर झाला. जिन्यात जरा बसावं लागलं होतं, त्यामुळे पोस्टापर्यंत जाणं झालं नाही. आता बरा आहे.

न्हाव्याच्या दुकानात रोज सभा भरते. कात्री चालते कमी आणि तोंडं जास्त. तुमच्या मताचे बरेच आहेत. एक बँकेतला गृहस्थ दाढीला फेस लावलेल्या अवस्थेत अर्धा तास बोलला. म्हणाला, म्हाताऱ्या बैलावर पैसा लावणं हा शुद्ध अव्यवहार. मी म्हटलं, साहेब, बैल कोण म्हणतंय, आपण कासव घेतोय. सगळे हसले, पण मत कुणी बदललं नाही.

सेक्रेटरीने रक्कम ऐंशीवर नेली आणि परवा नव्वदवर. वर्ष मात्र एकच. कासवाने नाही म्हटलेलं नाही, हो म्हटलेलं नाही. गुळणी धरून बसलाय. लोक म्हणतात, भाव वाढवतोय. मी काठी घेऊन मैदानापर्यंत गेलो होतो. तो रिकाम्या मैदानाला एकटाच फेऱ्या मारत होता, ऑफिसच्या खिडक्यांखालून. खिडक्या उघड्या होत्या. आतून एकही माणूस बाहेर आला नाही. मला वाटलं, या गड्याला अजून दहा हजार नको आहेत. याला कुणीतरी खाली येऊन हाक मारायला हवी आहे. पण हे मी दुकानात बोललो नाही, बँकवाला फेसासकट हसला असता.

मेणाचं तुमचं म्हणणं समजलं. तुमच्या धंद्यात ते बरोबर असेल. फक्त एक सांगा, तो पेशंट आरशात बघतो तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत असतात ना? तेव्हा त्या बिचाऱ्याला हसावंसं वाटत असेल का?

एक सहज विचारतो. तीन महिने झाल्यावर त्या मागच्या खोलीचं तुम्ही काय करणार?

मामा


४ जुलै

मामा,

आज घाईत आहे. एका दवाखान्याच्या सगळ्या कवळ्या एकदम आल्या आहेत, टेबलावर दातांचा बाजार मांडलाय.

खोलीची तुम्ही मुळीच काळजी करू नका. लॅबमधला एक जण ती भाड्याने मागतोच आहे. तेव्हा तुम्ही आलात तर आनंद आहे, नाही आलात किंवा मध्येच परत गेलात तरी खोली रिकामी पडणार नाही आणि माझं काही अडणार नाही. माझ्यासाठी म्हणून मन मारून येऊ नका. तुमच्या सोयीने ठरवा.

नव्वद हजार! आणि तरी हा माणूस तोंड उघडत नाही? माझी सहानुभूती संपली. तुम्ही त्याचे फार लाड करता.

जिन्यात बसावं लागलं म्हणजे काय? नीट लिहा.

जावई


३० जुलै

मामा,

तुमचं पत्र नाही. दोनदा फोन केला, वाजत राहिला. कदाचित ऐकू आला नसेल. काल शेवटी न्हाव्याच्या दुकानात फोन लावला, तर त्याची बायको म्हणाली की तुम्ही ठीक आहात आणि पत्र लिहिणार आहात. बाकी तिने ताकास तूर लागू दिली नाही. काय चाललंय?

बातमी तुम्हालाही कळली असेलच. कासव गेला. आणि कुठे, तर त्या खाडीपलीकडच्या क्लबकडे, ज्यांच्या मैदानाला धड छप्पर नाही. महिना पंचावन्न हजारांवर. दोन वर्षं. वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली.

इथे लॅबमध्ये आपल्या क्लबचा आणखी एक भक्त आहे. आम्ही जेवणाच्या सुट्टीत आकडेमोड करत बसलो. तो म्हणतो, दोन वर्षांची बेरीज केली तर तिकडे जास्त मिळतात, म्हणजे शेवटी थैलीकडे बघूनच गेला. मी म्हटलं, अरे, नव्वदवर एक वर्ष खेळला असता आणि पुढच्या वर्षी कुठेही निम्म्यावर मिळाला असता तरी फायद्यातच राहिला असता. हा व्यवहार कुठल्याच बाजूने बसत नाही. इतक्या वर्षांच्या खेळाडूला एवढं साधं गणित येऊ नये? आपण त्याला गमावलं याचं वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त, का गमावलं ते कळत नाही याचं वाटतं. तुम्ही सांगा.

आणि तुमचं ठरवा आता. हे भिजत घोंगडं किती दिवस ठेवायचं? न्हाणीघरात मी भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली आहे. येताना फार सामान आणू नका.

जावई


१२ ऑगस्ट

जावईबापू,

वरचा पत्ता नवा आहे, तो नीट बघा. पुढचं पत्र जुन्या घरी टाकलंत तर तिथल्या नव्या बिऱ्हाडाला मिळेल.

आधी कासवाचं सांगतो, ते सोपं आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुमचं गणित बरोबर आहे, पण ते तुमचं आहे. तुम्ही बेरीज करता, तो वजाबाकी करत होता. त्याला स्वतःचा गुडघा माहीत आहे. आज ना उद्या तो जाणार हे त्याला क्लबपेक्षा आधी माहीत आहे. तो फक्त एवढंच विचारत होता की गुडघा गेल्यावर मी तुमचाच राहीन की नाही. क्लब उत्तरात दर वेळी दहा हजार वाढवत होता. एका वर्षाच्या नव्वद हजारांत 'बघू' असं लिहिलेलं होतं. पंचावन्नमध्ये 'ये' असं लिहिलेलं होतं. म्हणून तो गेला. त्याला आपला क्लब नको होता असं नाही. महिनाभर ऑफिसच्या खिडकीखाली पळणाऱ्या माणसाला अजून काय हवं असणार? पण मागून घ्यायची त्याला लाज वाटली असेल. घरच्याच माणसांपुढे हात पसरायला जास्त लाज वाटते.

आता माझं. जूनमध्ये जिन्यात बसलो असं लिहिलं होतं. बसलो नव्हतो, पडलो होतो. तेव्हा नुसत्या मुक्या मारावर निभावलं. जुलैच्या मध्यात पुन्हा पडलो तेव्हा खुबा मोडला. न्हावी आणि त्याचा भाऊ यांनी मला खुर्चीत बसवून चार मजले खाली आणलं. ऑपरेशन झालं. तुम्हाला कळवू नका असं मीच त्यांना सांगितलं होतं, तेव्हा त्या माउलीवर रागावू नका.

डॉक्टर म्हणाले, आता एकट्याने राहता येणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे. हा वृद्धाश्रम इस्पितळाच्या मागेच आहे. इथे अट एकच होती, जुनं घर सोडून कायमचं यायचं. येऊन जाऊन राहणारे ते घेत नाहीत. मला ते ऐकून हायसं वाटलं, खरं सांगतो. इथल्या मुख्य बाईंनी खोली दाखवली आणि म्हणाल्या, आता ही तुमची. किती दिवस ते विचारायची वेळ आली नाही. मी सही केली.

तुमच्याबद्दल तक्रार नाही. तुम्ही बोलावलंत हेच खूप. तरुण माणसाने सासऱ्याला गळ्यात बांधून घ्यावं असं मी कधी म्हणणार नाही, आणि बबी नसताना तर नाहीच. तीन महिने ही रीतसर, भल्या माणसाने द्यावी अशी सवलत होती. मलाच ती घेता आली नाही. या वयात कुणाच्या घरी बसून, आपण पटतोय का, हे रोज त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं, ते मला जमलं नसतं. तुमच्या लॅबमधल्या त्या गृहस्थाला खोली देऊन टाका.

इथलं जेवण बेचव आहे, पण वेळेवर असतं.

मामा


१७ ऑगस्ट

मामा,

तुमचं पत्र लॅबमध्येच उघडलं. मग हातातलं काम तसंच ठेवून बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो. मालकांनी आत बोलावलं तरी गेलो नाही.

आता मी जे लिहितो ते मला पूर्वी लिहिता आलं नाही, म्हणून सरळ लिहितो.

ते तीन महिने तुमच्यासाठी होते. माझ्याकडून तारीख नव्हतीच. तुमचं चाळीस वर्षांचं घर, तुमचा न्हावी, तुमचं मैदान, हे सगळं सोडून या असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार होतो? म्हणून म्हटलं, बघा. तुम्हाला परत जायचा रस्ता मोकळा असावा म्हणून. तुम्हाला वाटलं, रस्ता मी दाखवतोय.

मी वसतिगृहात वाढलो हे तुम्हाला माहीत आहे. तिथे खोली सत्रापुरती मिळायची. सत्र संपलं की पेटी उचलायची. 'कायमचा ये' हे वाक्य मला लहानपणी कुणी म्हटलं नाही, मग मला ते म्हणता तरी कुठून येणार? बबीला लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा मी इतकंच म्हटलं होतं की, बघ, पटतंय का. ती हसली आणि म्हणाली, "पटलंय. आता पुढचं बोल." ती मला असं वाचायची. तुम्ही तिचे वडील, तुम्हालाही वाचता येईल असं मी धरून चाललो.

आणि दुसरी गोष्ट. मला भीती वाटत होती. बबी होती तोवर मी तुमचा जावई होतो. ती गेल्यावर मी कोण? आग्रह करायचा तर हक्क लागतो. तुम्ही कधीतरी म्हणाल की मुलगीच नाही राहिली, आता हा कसला हक्क गाजवतोय, या भीतीने मी प्रत्येक पत्रात एक पाऊल मागे उभा राहून बोललो. म्हणून ते 'सक्ती नाही', म्हणून ते 'माझं अडणार नाही'. ते साफ खोटं होतं. लॅबमधल्या माणसाने खोली मागितली होती हे खरं आहे, पण त्याला मी मे महिन्यातच नाही म्हटलं होतं. ती खोली तुमची होती. हे घरच मी तुमच्यासाठी घेतलं, मामा. मला तळमजला आवडत नाही, रस्त्यावरचे लोक खिडकीतून आत बघतात. मी तळमजला घेतला कारण तुम्हाला जिना चढायला लागू नये.

तुम्ही मला कासवाबद्दल इतकं लिहिलंत आणि मी मठ्ठासारखा क्लबची बाजू लढवत बसलो. तुम्ही विचारलंत, खोलीचं काय करणार. मला वाटलं, भाड्याची काळजी करताय. त्या एका ओळीचं नीट उत्तर दिलं असतं तर जुलैमध्ये तुम्ही जिन्यात नसता. हे वाक्य मी चार वेळा खोडलं, पण ते खरं आहे, म्हणून राहू देतो.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी खाडीपलीकडचे आपल्याकडे खेळायला येतात. मी शनिवारीच येतो. गाडी ठरवून येतो. त्या बाईंना सांगून ठेवा, सही मोडायची काय व्यवस्था असते ते मी बघेन. दिवसा बाई ठेवू, मी काम घरी आणेन, काहीही करू. तीन महिन्यांसाठी नाही. या.

तुमचा


१४ सप्टेंबर

अरे,

सुखरूप पोचलास हे न्हाव्याकडून कळलं. त्याच्याकडे फोन करत जा, तो निरोप अगदी जसाच्या तसा आणतो, वर स्वतःचं मत फुकट देतो.

तू आलास तेव्हा आपण काहीच बोललो नाही, म्हणून हे लिहितो. समोरासमोर आपल्याला फुटबॉलशिवाय कधी काही बोलताच आलं नाही. बबी म्हणायची, तुम्हा दोघांच्या मध्ये मी आहे म्हणून बरं, नाहीतर तुम्ही स्कोअर सांगून झोपी जाल.

शनिवारी इथल्या तिघी सेविकांनी मला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवलं, तेव्हा तू दाराशी उभा होतास. मी तुझ्याकडे मुद्दाम बघितलं नाही. एकीने पाठ धरायची, एकीने पाय, आणि तिसरीने खुर्ची दाबून धरायची, हे दिवसातून कितीदा करावं लागतं ते तू बाईंना विचारलंस. गाडीचं पुन्हा काढलं नाहीस. डॉक्टर काय म्हणाले तेही मला कळलं आहे, एवढा प्रवास आता कधीच नाही. तू बाहेर जाऊन गाडीवाल्याला परत पाठवलंस ते खिडकीतून दिसलं मला. तू बराच वेळ रस्त्याकडे तोंड करून उभा होतास.

रविवारी तुझ्याजवळ तिकीट होतं, तरी तू मैदानावर गेला नाहीस. हॉलमधल्या टीव्हीसमोर माझ्याशेजारी बसलास. आवाज बंद होता. मला तसाही ऐकू येत नाही आणि तुला ऐकायचा नव्हता, कारण आपले लोक कासवाला काय ओरडत होते ते त्यांच्या तोंडांवरून कळतच होतं. थैलीचं चित्र काढलेले फलक आणले होते कुणी. कसली वेडीवाकडी अक्षरं. मग मध्यंतरानंतर कासव एकटाच वळताना खाली बसला आणि त्याने गुडघा धरला. त्यांचे दोघे धावत आले, त्याच्या काखेत हात घालून त्याला बाहेर नेलं. त्यांच्या मॅनेजरने स्वतःचा कोट काढून त्याच्या अंगावर घातला आणि बाकावर आपल्या शेजारी बसवून घेतलं. तू तेव्हा रडलास. मी बघितलं. हॉलमधल्या आजीबाईंना वाटलं, आपण हरतोय म्हणून.

निघताना तू विचारलंस, "इथे बरं वाटतं ना?" मी हो म्हटलं. चार माणसांत दुसरं काय सांगणार. पत्रात खरं लिहितो.

तुझं ऑगस्टचं पत्र येईपर्यंत बरं वाटत होतं. मला कुणी मागितलेलं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं, आणि एकदा ते पक्कं केलं की माणूस शांत होतो. बेचव जेवतो, पडून राहतो, कुणाचं देणं नाही, कुणाचं घेणं नाही. मग तू लिहिलंस की तिथे एक खोली होती आणि ती माझी होती. तेव्हापासून मला इथे करमत नाही. रोज सकाळी डोळे उघडले की मी आधी त्या खोलीत असतो. मी ती कधी पाहिलेली नाही, तरी तिथलं ऊन कुठल्या भिंतीवर येतं ते मला सांगता येईल. मग या तिघी येतात.

तुला दोष देत नाही. तू एकदा विचारलंस, मी दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसलो. तू दुसऱ्यांदाही विचारलंस, मला ते ऐकू आलं नाही. कानांचा दोष नव्हता तो.

आता एक कर. ती खोली त्या लॅबवाल्याला दे. रिकामी ठेवशील तू, मला तुझा स्वभाव आता कळला आहे. ठेवू नकोस. ती तिकडे तशीच उघडी पडली आहे, अंथरूण घातलेलं आहे, हे मला माहीत असेल तोवर मी इथला होणार नाही, आणि मला आता इथलंच व्हायचं आहे. तो राहायला आला की मला लिही. त्याचं सामान लागलं, त्याने खिडकीला पडदा लावला, सगळं लिही. गोड शब्दांत लिहू नकोस, मी पुन्हा चुकीचं वाचेन. खोली गेली, एवढं स्पष्ट लिही.

तुझा
बाबा